‘रिजनरेटिव्ह’ला मराठीत काय म्हणावं? सांधेदुखीवरच्या इंजेक्शनांची शब्दचर्चा

मूळ प्रश्न

सांधेदुखीच्या रुग्णांसाठी चार पानांचं माहितीपत्रक मराठीत आणते आहे. विषय आहे सांध्यांच्या आणि संयोजी ऊतींच्या जुन्या दुखण्यावर दिली जाणारी ‘रिजनरेटिव्ह इंजेक्शन थेरपी’. आतला मजकूर झाला, शीर्षकापाशी अडले आहे.

रिजनरेशनला ‘पुनर्जनन’ हा शब्द आहे. जीवशास्त्रात पालीचं तुटलेलं शेपूट आणि प्लॅनेरिया या चपट्या कृमीचे तुकडे याच शब्दाखाली येतात. त्यावरून आधी ‘पुनर्जननकारक अंतःक्षेपण उपचार’ असं केलं. पारिभाषिक दृष्ट्या बरोबर, पण ज्याचा गुडघा दुखतो आहे तो माणूस हे वाचणार नाही. मग ‘पुनरुज्जीवन उपचार’ केलं आणि मावशीला वाचून दाखवलं. तिचे दोन्ही गुडघे कित्येक वर्षं दुखताहेत. ती म्हणाली, “अगं, म्हणजे गुडघे परत पहिल्यासारखे होणार?” तिचा चेहरा पाहिला आणि तो शब्द खोडला. मूळ पत्रकात असं आश्वासन कुठेही नव्हतं. ते माझ्या शब्दाने दिलं गेलं होतं.

काय लिहावं? आणि आतले ‘लिगामेंट’, ‘टेंडन’, ‘इन्फ्लमेशन’ हे शब्द कसे आणावेत, हेही सांगा.

प्रतिसाद १

या उपचाराला डॉक्टर ‘प्रोलो’ (प्रोलोथेरपी) म्हणतात, रुग्णही ‘प्रोलो’ म्हणू लागतात. रक्तातून काढलेलं द्रव्य असेल तर ‘पीआरपी’ (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा). हेच देवनागरीत लिहा आणि खाली दोन ओळींत अर्थ द्या. इंजेक्शनला ‘अंतःक्षेपण’ तर मुळीच नको. माणूस इंजेक्शन घेतो, अंतःक्षेपण कोणी घेत नाही.

प्रतिसाद २

शीर्षकाचं नंतर पाहू, आधी लिगामेंट. इथे मराठीत खरा गोंधळ आहे आणि त्याचं मूळ ‘स्नायू’ या शब्दात आहे.

आज मराठीत स्नायू म्हणजे मसल. संस्कृतात तसं नव्हतं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ९०० स्नायू, ५०० पेशी, १६ कंडरा आणि २१० संधी मोजले आहेत. तिथला स्नायू म्हणजे बांधून ठेवणारा चिवट तंतू, आपल्या लिगामेंटच्या जवळचा. तिथली पेशी म्हणजे मांसाचा पुंजका, अर्थात मसल. हिंदीतल्या ‘मांसपेशी’त तो अर्थ अजून टिकला आहे. मराठीत पुढे ‘पेशी’ सेलसाठी रुळला आणि ‘स्नायू’ मसलसाठी. दोन्ही शब्द एकेक घर पुढे सरकले, आणि लिगामेंटचं घर रिकामं राहिलं.

म्हणून बातम्यांत ‘गुडघ्याचे स्नायू फाटले’ असं छापून येतं, तेव्हा फाटलेला असतो अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट. ‘स्नायुबंध’ हा शब्दही चालतो, पण स्नायू म्हणजे मसल झाल्यावर ‘मसलचा बंध’ असाच त्याचा अर्थ लागतो आणि तो टेंडनकडे झुकतो. माझं मत ठाम आहे: हाडाला हाड बांधतो तो अस्थिबंध, स्नायूला हाडाशी जोडते ती कंडरा. ‘स्नायुरज्जू’ पाठ्यपुस्तकांत आहे, तोही चालेल, पण कंडरा लहान आहे आणि दोन हजार वर्षं जागचा हललेला नाही.

सुश्रुताने दिलेली उपमा तुमच्या पत्रकात घालता आली तर घालाच. फळ्या अनेक बंधनांनी नीट जखडलेली नाव जशी माणसांसह भार पेलून पाणी तरते, तसं स्नायूंनी बांधलेल्या सांध्यांमुळे शरीर भार पेलतं, असं तो म्हणतो. आणि लगेच पुढे म्हणतो की हाड, पेशी, शिरा किंवा सांधा यांच्यापेक्षाही स्नायूला झालेली इजा माणसाला अधिक घातक. या इंजेक्शनांमागची सगळी कल्पना त्या उपमेत बसते: फळ्या शाबूत आहेत, दोर सैल पडले आहेत.

प्रतिसाद ३

मी फिजिओथेरपी करते. वरचं वाचून बरं वाटलं, कारण रुग्णांच्या तोंडचा शब्द नेमका ‘सैल’ हाच असतो. “गुडघा सैल पडल्यासारखा वाटतो”, “पाय दगा देतो”, “घोट्यात बळ नाही”. याउलट अस्थिबंध, कंडरा, नस, रक्तवाहिनी या सगळ्यांना मिळून एकच शब्द असतो, शीर. “शीर आखडली”, “शीर दबली”. पत्रकात ‘शीर’ वापरू नका. वाचणाऱ्याला वाटेल इंजेक्शन रक्तवाहिनीत देणार.

दुसरा शब्द ‘गादी’. कूर्चेला (कार्टिलेज) लोक गादी म्हणतात आणि ते चित्र वाईट नाही. पण तिसरा, ‘वंगण’, त्याने घोटाळा होतो. सांध्यातलं वंगण संपलं म्हणून जे इंजेक्शन देतात ते हायलुरोनिक आम्लाचं. सांध्यातला बुळबुळीतपणा वाढावा म्हणून ते असतं. प्रोलोचं तत्त्व निराळं आहे. त्यात दाट साखरेचं द्रावण अस्थिबंध किंवा कंडरा हाडाला जिथे चिकटते तिथे, काही वेळा सांध्यातही, सोडतात. त्यामुळे तिथे थोडा दाह (इन्फ्लमेशन) उठावा आणि शरीराने जखम भरण्याचं काम पुन्हा हाती घ्यावं, अशी त्यामागची मांडणी आहे. ‘वंगणाचं इंजेक्शन’ हे नाव याला लागता कामा नये. स्टेरॉईडचंही लागता कामा नये, कारण स्टेरॉईड दाह दाबतं, बरोबर उलट काम.

आणि इन्फ्लमेशनला ‘सूज’ लिहू नका, पाया पडते. मराठीत सूज म्हणजे फुगणं. पाण्याने फुगलेलं पाऊलही सुजलेलंच. रुग्ण वाचतो, ‘इंजेक्शननंतर काही दिवस सूज येऊ शकते’, घाबरतो आणि घरातली सूज उतरवणारी गोळी घेतो. या उपचारात डॉक्टर ती गोळी टाळायला सांगतात, कारण जो दाह मुद्दाम उठवला तोच ती विझवते. सरळ लिहा: ‘ही जागा काही दिवस दुखेल, गरम लागेल, थोडी फुगेल, दाहशामक गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.’

मूळ प्रश्नकर्ती

हे फार कामाचं आहे. ‘सूज’ माझ्या मसुद्यात सात ठिकाणी होती, सगळ्या काढते.

‘प्रोलो’चा माग काढला, तो इथे ठेवते. हा शब्द जॉर्ज हॅकेट या अमेरिकन शल्यचिकित्सकाने १९५०च्या दशकात घडवला. लॅटिन ‘प्रोलेस’ म्हणजे संतती. त्यावरून प्रोलिफरेशन, म्हणजे प्रसवत, वाढत जाणं. ‘अण्वस्त्र प्रसारबंदी’तला ‘प्रसार’ हा त्याचाच अनुवाद, आणि प्रोलेटेरिएट म्हणजे ज्यांच्याजवळ संततीखेरीज मालमत्ता नाही ते, तेही याच मुळावरचं.

त्याआधी अशा इंजेक्शनांना ‘स्क्लेरोथेरपी’ म्हणत. ग्रीक ‘स्क्लेरोस’ म्हणजे कठीण. ‘आर्टिरिओस्क्लेरोसिस’मध्ये (धमनीकाठिण्य) तोच धातू आहे. फुगलेल्या शिरांवर आजही स्क्लेरोथेरपी करतात. तिथे शीर व्रणाने बंद व्हावी हाच हेतू असतो, म्हणून तिथे तो शब्द योग्य. सांध्याच्या बाबतीत हॅकेटचं म्हणणं होतं की त्याला व्रण नको आहे, नवी वाढ हवी आहे. म्हणून त्याने नाव बदललं. त्याच्या पुस्तकाच्या नावात ‘रिलॅक्सेशन’ आहे. तिथे त्याचा अर्थ विश्रांती नव्हे, अस्थिबंधाचा सैलपणा. मी तो आधी ‘शिथिलीकरण’ केला होता. ते योगासनाच्या वर्गातलं वाटतं. ‘सैल पडणे’ हेच ठेवते.

म्हणजे या उपचाराचं नाव प्रत्येक वेळी पुढच्या आशेवरून पडलं आहे. आधी ‘कठीण करणारा’, मग ‘वाढवणारा’, आता ‘पुन्हा जन्म देणारा’. आज प्रोलोत टोचतात ते द्रव्य मात्र बहुतेक वेळा साखरच.

प्रतिसाद ४

साखरेवरून सांगतो. मी स्वतः खांद्यात ही इंजेक्शनं घेतली आहेत. घरच्यांना ‘साखरेच्या पाण्याचं इंजेक्शन’ म्हटलं तर त्यांना फसवणूक वाटली. ‘डेक्स्ट्रोज’ म्हटलं तर औषध वाटलं. वस्तू एकच. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच. त्याचं द्रावण ध्रुवित प्रकाश उजवीकडे वळवतं आणि लॅटिनमध्ये ‘डेक्स्टर’ म्हणजे उजवा, म्हणून ते नाव. जुना मराठी शब्द द्राक्षशर्करा. मला तो आवडतो, पण पत्रकात ‘डेक्स्ट्रोज (एक प्रकारची साखर)’ बरं. मधुमेह असलेल्याने तो शब्द वाचलाच पाहिजे.

आणखी एक अडचण. आपण कुठल्याही ठिबक बाटलीला ‘सलाईन’ म्हणतो, मग तिच्यात डेक्स्ट्रोज का असेना. पत्रकात ‘डेक्स्ट्रोज आणि सलाईन यांची तुलना’ असं काही असेल तर वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटेल. तिथे ‘मिठाचं पाणी’ लिहा. ठिबकमधलं नेहमीचं डेक्स्ट्रोज ५ टक्के असतं, रक्ताशी जुळतं, इथे १२.५ ते २५ टक्के अशी दाट द्रावणं वापरतात. ‘दाट’ हा शब्द म्हणूनच महत्त्वाचा आहे.

प्रतिसाद ५

तुलनेचा विषय निघाला म्हणून. ‘पुनर्जनन’ हा शब्द टिकतो का, हे चाचण्यांवरून ठरवायला हवं.

२००४ साली जुन्या कंबरदुखीच्या ११० रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. साखरेचं द्रावण टोचलेले आणि मिठाचं पाणी टोचलेले, दोन्ही गटांना बरं वाटलं. दोघांत फरक आढळला नाही. २०१३ची चाचणी गुडघ्याच्या झिजेच्या ९० रुग्णांवर होती. तिथे वर्षभरानंतर डेक्स्ट्रोज मिळालेल्यांचं दुखणं मिठाचं पाणी मिळालेल्यांपेक्षा आणि फक्त व्यायाम केलेल्यांपेक्षा अधिक कमी झालं. २०२१ साली पीआरपीची २८८ रुग्णांवरची चाचणी आली, पुन्हा मिठाच्या पाण्याशी तुलना. बारा महिन्यांनी दुखण्यात लक्षणीय फरक नाही. कूर्चेचं आकारमानही मोजलं होतं, त्यातही नाही.

दुखणं कमी होणं आणि गादी नव्याने येणं या दोन गोष्टी आहेत. पहिलीसाठी कुठे कुठे आधार आहे. ‘पुनर्जनन’ हा शब्द दुसरीचा दावा करतो.

प्रतिसाद २

मग मराठी क्रियापदही जपून वापरावं लागेल. ‘जखम भरून येते’ हे खरं आहे. अस्थिबंधाच्या बाबतीत ते ध्येय म्हणून लिहिता येईल. पण ‘झीज भरून निघते’ असं लिहिलं की कूर्चा पुन्हा उगवल्याचं विधान झालं. क्रियापद जवळजवळ तेच, कर्ता बदलला की अर्थ आश्वासन होतो. जाहिरातींत नेमकं दुसरं वाक्य असतं.

तुमचा घोळ मला ‘कारक’ या प्रत्ययात दिसतो. इंग्रजीतलं ‘रिजनरेटिव्ह’ हेतू सांगतं की परिणाम, हे मोघम राहतं, आणि त्या मोघमपणावर ते नाव चालतं. मराठीत ‘पुनर्जननकारक’ म्हटलं की परिणाम ठाम सांगितला. ‘पुनर्जननार्थ’ म्हटलं तर हेतू उरतो, पण भाषा पोथीतली होते. आपल्याकडे याहून साधी सोय आहे: विध्यर्थ. ‘बळकट होतात’ आणि ‘बळकट व्हावेत म्हणून’ यांत जे अंतर आहे ते निरक्षर माणसालाही ऐकू येतं. ‘पाऊस पडतो’ आणि ‘पाऊस पडावा म्हणून’ यांत कोणी घोटाळा करत नाही. मराठीत आशा आणि विधान यांची रूपंच वेगळी आहेत. मग एका शब्दाचा हट्ट कशाला? वाक्यच शीर्षक करा.

प्रतिसाद ३

‘व्हावेत म्हणून’ हे मी रुग्णांशी बोलताना रोज वापरते, पण त्याकडे व्याकरण म्हणून कधी पाहिलं नव्हतं. याला माझा पूर्ण पाठिंबा.

‘क्रॉनिक’चं काय केलंत? बरेच रुग्ण ‘क्रॉनिक’ म्हणजे ‘भयंकर’ किंवा ‘बरं न होणारं’ असं समजतात. एकीला मी समजावलं की ते फक्त काळ सांगतं, साधारण तीन महिन्यांहून अधिक टिकलेलं दुखणं. तिने सुस्कारा सोडला. वर्षभर ती वेगळंच ओझं वागवत होती.

मूळ प्रश्नकर्ती

‘चिरकालिक’ लिहिलं होतं. ‘चिर’मध्ये कायमपणाची छाया आहे, चिरंजीव, चिरनिद्रा, तेही काढते. ‘जीर्ण’ तापाला शोभतो, सांध्याला लावला तर सांधाच जीर्ण झाल्यासारखा वाटतो. ‘जुनाट’ काळापुरता आहे, पण त्यात किंचित तुच्छता आहे, जुनाट विचार म्हणतो तशी. ‘जुनं दुखणं’ ठरवते, आणि पहिल्या ओळीत तीन महिन्यांचा खुलासा.

शीर्षक असं केलं:

‘सांध्यांचे बंध बळकट व्हावेत म्हणून दिली जाणारी इंजेक्शने: जुन्या सांधेदुखीसाठी माहिती’

त्याखाली लहान अक्षरांत: ‘या उपचाराला प्रोलोथेरपी किंवा रिजनरेटिव्ह इंजेक्शन थेरपी असेही म्हणतात.’ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर जो शब्द दिसेल तो इथे सापडायला हवा, म्हणून पहिल्या प्रतिसादातली सूचनाही घेतली आहे. पीआरपीसाठी वेगळा परिच्छेद केला: ‘तुमचेच रक्त घेऊन त्यातील रक्तपट्टिका अधिक असलेला रक्तद्रव वेगळा काढतात व तो दुखऱ्या जागी टोचतात.’

आज पुन्हा मावशीला वाचून दाखवलं. तिने विचारलं, “बळकट व्हावेत म्हणून देतात. होतात का?”

तिसऱ्या पानावर आता हाच प्रश्न मथळा म्हणून घातला आहे, तिच्याच शब्दांत, आणि खाली त्या तीन चाचण्या.

प्रतिसाद २

एक दुरुस्ती. मथळ्यात ‘बंध’ आणि आत ‘अस्थिबंध’ असं दोन्ही ठेवणार असाल तर पहिल्या पानावर एकदा ‘बंध म्हणजे अस्थिबंध’ असं सांगून टाका. आणि कंडरा स्त्रीलिंगी आहे, अनेकवचनही कंडराच. ‘कंडरे दुखतात’ नको, ‘कंडरा दुखतात’.