घरपोच परिचर्या सेवा: पुण्यात कोणती नोंदणी लागते?

प्रश्न: मी जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या पदविका) झालेली परिचारिका असून कोथरूड परिसरात अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना घरी जाऊन ड्रेसिंग, कॅथेटर व इंजेक्शनची सेवा देऊ इच्छिते. नर्सिंग होमची नोंदणी लागेल का?

उत्तर: १९४९ चा शुश्रूषागृह (नर्सिंग होम) नोंदणी कायदा रुग्ण ठेवून घेणाऱ्या जागेसाठी आहे. आपणास २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार, कर्मचारीसंख्या पाहून, व्यवसाय सुरू केल्याची सूचना द्यावी किंवा नोंदणी करावी लागेल. मात्र प्रत्येक परिचारिकेची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील नोंदणी चालू आहे ना, हे स्वतः तपासा. माझ्या आईसाठी एका संस्थेने ‘सिस्टर’ म्हणून अप्रशिक्षित मुलगी पाठवली होती, आणि ते मला फार उशिरा कळले.

उत्तर: वापरलेल्या सुया घंटागाडीत देऊ नयेत, २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार त्या सुई आरपार जाणार नाही अशा पांढऱ्या डब्यातच साठवाव्यात. इंजेक्शनसाठी डॉक्टरांची लेखी चिठ्ठी घ्यावी.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. परिषदेच्या नूतनीकरणापासूनच सुरुवात करते.