बाबांची ९६ ची मारुती ८००: इंजिन काढून मोटर बसवावी का?

हळदीगावची (सांगली)

आमच्याकडे बाबांनी १९९६ साली घेतलेली मारुती ८०० आहे. पांढरी, कार्बोरेटरवाली, चार गिअरची. बाबांना आता गुडघ्यांमुळे क्लच दाबवत नाही, म्हणून गाडी माझ्याकडे आली. मी शिक्षिका आहे. घर ते शाळा जाऊन-येऊन २२ किलोमीटर, तेवढंच काम.

पण सहा महिन्यांत दोनदा पेट्रोलच्या रबरी नळ्या बदलल्या. मेकॅनिक म्हणतो, २० टक्के इथेनॉलचा प्रताप. कार्बोरेटर तर दर दोन महिन्यांनी उघडावा लागतो. त्यात २०२६ ला पुन्हा पासिंग, आणि वीस वर्षांवरच्या मोटारीची नूतनीकरण फी आता १० हजार.

धाकटा भाऊ डिप्लोमाला आहे. व्हिडिओ बघून म्हणतोय, इंजिन उतरवू, ई-रिक्षाची मोटर नि बॅटरी टाकू, ८० हजारांत घरच्या घरी काम होतं. खरंच होतं का? कुणी केलंय का? विकून टाका असं मात्र सांगू नका. बाबा अजून रोज सकाळी तिच्यावर फडकं मारतात.

ठाकुर्लीकर

ई-रिक्षाची मोटर एक-दीड किलोवॉटची असते ताई. ८०० चं इंजिन ३७ हॉर्सपॉवरचं, म्हणजे साधारण २७ किलोवॉट. पुलाच्या चढावर विद्यार्थ्यांना ढकलायला बोलवावं लागेल.

त्यापेक्षा हायब्रिड करा. ८०० ला इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर, मागची नुसती फिरतात. तिथं दोन हब मोटर, म्हणजे चाकातच बसणाऱ्या मोटर, बसवल्या की गावात विजेवर, हायवेला पेट्रोलवर. इंजिनाला हात लावायला नको.

लेथवाला (कोल्हापूर)

ताई, मी केलंय. ८०० नाही, ओम्नी. उद्यमनगरात माझं लेथचं दुकान आहे, आणि मेव्हण्याची शिरोळ तालुक्यात उसाची रोपवाटिका. रोपांचे ट्रे वाहायला त्याच्याकडं जुनी ओम्नी होती, धूर मारायला लागलेली. आता ती विजेवर चालते. पण कुंपणाबाहेर जात नाही. का, ते पुढं सांगतो.

भावाला सांगा, मोटर बसवणं सगळ्यात सोपं. मोटर आणि गिअरबॉक्स एका रेषेत आणणं, तिथं माणूस घाईला येतो. व्हिडिओत हा भाग गाणं लावून दोन मिनिटांत उरकतात.

मोटर आणि गिअरबॉक्स जोडणारी पहिली ॲडॉप्टर प्लेट मी १२ मिलीच्या लोखंडी पत्र्यातून गॅसनं कापली. भोकांच्या खुणा गिअरबॉक्सच्या तोंडाला ग्रीस फासून कागदावर छापून घेतल्या. वडील असते तर टपली मारली असती. जुन्या क्लच प्लेटचा मधला दातेरी बॉस कापून मोटरच्या कपलिंगला वेल्ड केला. गाडी चालली, पेढे वाटले. ताशी २५ च्या वर गेली की पायाखाली घरघर. तिसऱ्या आठवड्यात गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग गेलं.

खोलल्यावर कळलं. इनपुट शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सचा इंजिनाकडचा दांडा. त्याचं टोक फ्लायव्हीलकडच्या, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाकडच्या, एका छोट्या बेअरिंगमध्ये टेकलेलं असतं, पायलट बेअरिंग. इंजिन काढलं, त्याबरोबर तेही गेलं. शाफ्टचं टोक हवेत लोंबत होतं! चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस मी, आणि हे विसरलो. दुसऱ्या खेपेला १६ मिली ॲल्युमिनियमची प्लेट केली, कपलिंगमध्येच पायलट बेअरिंगचं घर बोअर केलं, डायल लावून रनआउट, म्हणजे फिरताना होणारी डगमग, पाच शतांश मिलीच्या आत आणला आणि जागा पक्की धरायला दोन डॉवेल पिना ठोकल्या. प्लेट काढून परत लावली तरी सेंटर हलत नाही. तेव्हापासून आवाज नाही.

विजेचं माझं ज्ञान कच्चं, तिथं आयटीआयच्या एका पोराला धरलं. बॅटरी लिथियम फेरो फॉस्फेटची, ३.२ व्होल्टचे २४ सेल, १०५ अँपिअर-अवर. म्हणजे ७६.८ व्होल्ट, साधारण ८ युनिट. भरलेली गाडी, कच्ची वाट, चार्जवर ४५-५० किलोमीटर होतात. पेटी मागच्या सीटच्या जागी उंचावर ठेवलीय, कारण शिरोळला २०१९ चा आणि २०२१ चा पूर कुणी विसरलेलं नाही.

एवढ्या व्होल्टला काय घाबरायचं, असं भावाला वाटेल. घरातला एमसीबी एसी करंटसाठी, म्हणजे घरातल्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेसाठी असतो. एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते. बॅटरीचा डीसी करंट शून्यावर येतच नाही, ठिणगी तशीच जळत राहते. फ्यूज डीसीचाच हवा, आणि बॅटरीच्या तोंडाशी. दुसरं, मोटरला वीज मोजून देणाऱ्या कंट्रोलरमधले कपॅसिटर रिकामे असताना बॅटरी थेट जोडली की फाट्कन जाळ होतो. आमचा पहिला कॉन्टॅक्टर, म्हणजे किल्लीवर चालणारा बॅटरीचा मोठा स्विच, असाच चिकटून बसला. किल्ली बंद आणि वीज चालू! आता आधी रेझिस्टरमधून कपॅसिटर भरतात, मग कॉन्टॅक्टर ओढतो. पाना वापरताना त्याला टेप गुंडाळा, अंगठी घरी ठेवा.

आणि ब्रेक. ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम इंजिनातून येतो. पहिल्या दिवशी मेव्हण्यानं ब्रेक दाबला तर पेडल दगडासारखं, गाडी थेट ट्रेच्या रांगेत. रोपं गेली, माणूस वाचला. मग विजेवरचा व्हॅक्यूम पंप लावला. तुमच्या गाडीला बूस्टर असेल तर हे आधी बघा.

ठाकुर्लीकर, हब मोटरचं मीही करून बघायच्या विचारात होतो. पण मागचे ड्रम काढून चाकात मोटर घातली की मागच्या ब्रेकचं काय? चाकाचं वजन वाढतं, ते सस्पेन्शनच्या खाली येतं, म्हणून खड्ड्यात चाक जोरात आपटतं. आणि एका ॲक्सिलरेटरवर इंजिन नि मोटर दोघांना ताळ्यावर ठेवणं हे सॉफ्टवेअरवाल्यांचं काम. केपीआयटी आणि भारत फोर्ज या पुण्याच्या कंपन्यांनी २०१० मध्ये 'रेव्होलो' नावाचा असा हायब्रिड किट पुढं आणला होता. एवढी मोठी माणसं त्यात पडली, तरी तुमच्या-माझ्या मेकॅनिककडं तो किट कधी दिसला नाही. यावरून काय ते समजा.

आता कुंपणाचं. रस्त्यावर चालवायची तर किटच मान्यताप्राप्त लागतो. नियम २०१६ पासून आहेत, चाचणीचं मानक एआयएस-१२३. किट बनवणारा तो पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून घेतो, त्यानं नेमलेला माणूस बसवतो, मग आरटीओ आरसीवर इंधन बदलून देतं. घरी जोडलेल्या गाडीला यातलं काहीच मिळत नाही. परवानगीशिवाय गाडीत बदल करू न देणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि अपघात झाला तर विमावाला पहिला प्रश्न हाच विचारणार. तुम्ही शाळेत जाणार, वाटेत पोरं असतात.

पैशाचं सांगतो. माझा खर्च १ लाख ७० हजार, लेथची मजुरी न धरता. तुमचे रोजचे २२ किलोमीटर, दीड लिटर पेट्रोल धरा. विजेवर गेलात तर दिवसाला सव्वाशे रुपये वाचतील. शाळेचे २२० दिवस, वर्षाला साडेसत्तावीस हजार. सहा वर्षं नुसती वसुलीत जातील.

मी असतो तर नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या असत्या, कार्बोरेटरचा डायफ्राम-गॅस्केटचा संच आणि फ्लोटची सुई नवी टाकली असती, टाकीतला गाळ काढला असता. सगळं मिळून चार-पाच हजारांत होईल. आणि भावाला भंगारातला गिअरबॉक्स आणून दिला असता, कर म्हटलं असतं टेबलावर.

हळदीगावची

काका, एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. भाऊ जरा फुगलाय, पण पायलट बेअरिंगचा फोटो शोधत बसलाय. बाबांना सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पायलट बेअरिंग विसरला, तो टर्नर कसला."

लेथवाला (कोल्हापूर)

बाबांना नमस्कार सांगा. बरोबर बोलले. रविवारी दुकान बंद असतं, पण भावाला पाठवा, उघडतो. येताना जुनी क्लच प्लेट मिळाली तर घेऊन ये म्हणावं, बॉस त्याच्याच हातानं कापू दे.