'सेल्फ सर्व्हिस बीआय'ला मराठीत काय म्हणावं?

सुटे भाग

मंडळी, एका शब्दावर अडलोय. बीआय म्हणजे बिझनेस इंटेलिजन्स, धंद्याच्या डेटातून रिपोर्ट आणि आलेख काढायची सोय. आमचा सुट्या भागांच्या घाऊक वितरणाचा धंदा. मुख्य ऑफिस पुण्यात, गोदामं सांगली, धाराशिव आणि नांदेडला. आजवर कुठलाही आकडा हवा असला की पुण्याच्या आयटीवाल्यांना मेल टाकायची, चौथ्या दिवशी एक्सेल यायची आणि ती उघडल्यावर कळायचं की आपल्याला हवं होतं ते वेगळंच. आता पॉवर बीआय आणि टॅब्लो ही दोन टूल्स पारखायला घेतली आहेत. गोदामातल्या माणसाने स्वतःचा रिपोर्ट स्वतः काढावा, हा हेतू. त्यांच्यासाठी दोन पानी मराठी टिपण लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि मी मथळ्यातच अडकलो. भाषांतराचं यंत्र म्हणतं, 'स्वयंसेवा व्यवसाय बुद्धिमत्ता'. सांगलीच्या गोदामप्रमुखांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, "रक्तदान शिबिर आहे का?"

खतावणी

हसू नका, बरोबर बोलले ते. मराठीत स्वयंसेवक दुसऱ्याची सेवा करतो, तीही फुकट. इथे तर आपलं काम आपणच करायचंय. हॉटेलात 'सेल्फ सर्व्हिस'ची पाटी दिसली की कुणी तिला स्वयंसेवा म्हणत नाही, मुकाट्याने टोकन घेऊन काउंटरवर जातो.

आपल्याकडे यासाठी पंगत आणि बुफे हा फरक तयारच आहे. पंगतीत वाढपी येईल तेव्हा भात मिळतो, तुमची आयटीची मेल ती हीच. बुफेत आपण हाताने वाढून घेतो. 'आपला हात जगन्नाथ' म्हणतात ते यालाच. पण घोळ असा की टूल विकायला येणारे वाढून घेण्याचंच कौतुक करतात. स्वयंपाक कुणी करायचा ते बोलतच नाहीत. बुफेलाही आचारी लागतो हो!

मी हिशेबनीस माणूस, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. कीर्दीत रोजच्या नोंदी पडतात. त्या खात्यांवर चढवल्या की खतावणी. खतावणी धड असेल तर गोषवारा कुणीही काढेल. या टूल्समध्ये ज्याला डेटा मॉडेल म्हणतात ती खतावणीच. माझ्या आधीच्या नोकरीत ती न करताच पाच जणांना थेट कीर्द उघडून दिली होती. महिनाअखेरच्या बैठकीत 'विक्री'चे तीन आकडे आले. एकाने जीएसटी धरलेला, दुसऱ्याने वगळलेला, तिसऱ्याने परत आलेला माल वजा केलेला. तिघांचेही आलेख देखणे. दीड तास भांडण चाललं, आणि विषय होता थकबाकी!

वाकनवीस

'सेल्फ सर्व्हिस' राहू द्या, खरी चूक 'बुद्धिमत्ता'त आहे. इंटेलिजन्स म्हणजे प्रत्येक वेळी अक्कल नव्हे. पोलिसांच्या स्टेट इंटेलिजन्सला आपण राज्य गुप्तवार्ता विभाग म्हणतो, बुद्धिमत्ता विभाग नाही. बहिर्जी नाईक आणायचे ती खबर, बातमी. धंद्याचंही तेच, कुठल्या गावात माल खपतोय आणि कुठे पडून आहे याची खबर. त्यामुळे माझं मत 'व्यापारवार्ता'. (हो, वर्तमानपत्राच्या पुरवणीचं नाव वाटतं, कबूल.)

उंटावरचा

वाकनवीस, युक्तिवाद देखणा आहे पण मुळाशी जुळत नाही. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५८ साली या विषयावर निबंध लिहिला, त्याच्या नावातच 'बिझनेस इंटेलिजन्स सिस्टीम' आहे. त्यात इंटेलिजन्सची व्याख्याही दिली आहे. समोर आलेल्या तथ्यांचा एकमेकांशी संबंध असा ओळखता येणं, की इच्छित ध्येयाकडे पाऊल टाकायला त्याने दिशा मिळावी, असा तिचा आशय. ही वार्ता नाही, ही उमज आहे. गंमत म्हणजे त्यांची योजना आकड्यांची नव्हतीच. आलेला कागद संस्थेतल्या नेमक्या माणसापर्यंत पोचवण्याची होती. आजच्या अर्थाने शब्द पुन्हा चलनात आणला तो हॉवर्ड ड्रेसनर यांनी, १९८९च्या सुमारास.

म्हणजे तुमची वार्ता हा कच्चा माल आणि उमज ही पक्का. टूल फार तर वार्ता देईल.

वाकनवीस

उमज मान्य. पण 'उमज' विकायला कुणी येईल का, आणि आपण विकत घेऊ का?

सुटे भाग

मंडळी, मधल्या पंधरवड्यात चाचणी झाली, तिची हकीकत. डेमोत जे दाखवतात ते दोन्हीकडे छानच चालतं. म्हणून डेमोचा डेटा बाजूला सारला आणि आमचाच घाणेरडा डेटा ओतला. लगेच खरं काय ते दिसलं. गावाच्या रकान्यात 'उस्मानाबाद', 'धाराशिव' आणि कुणा घाईत असलेल्याने लिहिलेलं 'उ'बाद', म्हणून एकाच शाखेचे तीन खांब उभे राहिले. पहिली तिमाही जानेवारीत सुरू झाली. आपलं वर्ष एप्रिलपासून, ते सांगावं लागतं. पॉवर बीआयच्या सूत्रांत वर्षअखेर ३१ मार्च अशी देता येते, पण ते ठाऊक असणारा माणूस हवा. लाख-कोटींसाठीही खटपट करावी लागली. गोदामप्रमुखांनी आकड्यापुढचा मिलियनचा 'एम' बघून विचारलं, "मीटर का?"

परवान्यांचे शब्द मात्र मला आवडले. टॅब्लोत क्रिएटर, एक्सप्लोरर आणि व्ह्यूअर असे तीन प्रकार असतात. मी लिहिलं रचणारा, धुंडाळणारा, पाहणारा. लिहिल्यावर लक्षात आलं की आमच्याकडे 'धुंडाळणारे' मोजून चार आहेत. बाकी सगळ्यांना सकाळी एक आकडा हवा असतो, तोही व्हॉट्सअॅपवर. सगळ्यांनाच रचायला बसवणार होतो, तो बेत तिथेच बारगळला.

खतावणी

बरं झालं. आणि चौथा शब्द विसरलात, शिजवणारा. त्याचं नाव टिपणात पहिल्या ओळीत घाला.

सुटे भाग

घातलंय. शेवटी टिपणाचा मथळा असा छापला: 'आपला गोषवारा आपणच काढा'. बीआय हा शब्द आत एकदाच येतो, तसाच, भाषांतर न करता. ड्रिल डाउनला, म्हणजे आकड्यावर टिचकी मारून आतला तपशील बघण्याला, 'फोड'. "या आकड्याची फोड दाखव" असं आमच्याकडे आधीपासून म्हणतातच, शिकवावं लागलं नाही. सगळे आलेख एका पडद्यावर दाखवणारा डॅशबोर्ड मात्र डॅशबोर्डच. घोडागाडीत घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून बसवायचे ती फळी, हा त्याचा मूळ अर्थ कळल्यावर तर तो बदलायला हातच धजेना. आणि मथळ्याखाली चौकटीत: 'विक्री म्हणजे गाडी गोदामातून निघाली त्या तारखेची, जीएसटी वगळून, परतीचा माल वजा करून. याहून वेगळी विक्री हवी असेल तर आधी फोन करा.'

आता एकच उरलंय. फिल्टरला मी 'चाळणी' लिहिलं. नांदेडहून फोन आला, "साहेब, चाळणीतलं वर राहतं ते ठेवायचं की खाली पडतं ते?" पिठाला खालचं, गव्हाला वरचं. काय सांगू?

उंटावरचा

'गाळणी' करा. चहात तरी दुमत नाही.