मदत हवी आहे: बोका एफआयव्ही पॉझिटिव्ह, दुसरं मांजर वेगळं ठेवायचं का?

चिंचपान
आज टेस्ट केली, एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती कमकुवत करणारा विषाणू) पॉझिटिव्ह आली. घरात अजून एक मांजर आहे. दोघांचं खाणं-पिणं, शीचा ट्रे, झोपायची गादी सगळं एकच. आता काय करायचं? कायमचं वेगळं ठेवावं लागेल का? औषध आहे का यावर? एकाने सांगितलं, हा मांजरांचा एड्स आहे, इंजेक्शन देऊन झोपवून टाका. दुपारपासून वाचतेय, डोकं भणभणलंय. उद्या निर्णय घ्यायचाय, प्लीज लवकर सांगा.

रेघोटी
उद्या निर्णय घ्यावा असं यात काहीच नाही, आधी ते डोक्यातून काढा. आता हे सांगा: बोक्याचं वय काय? नसबंदी झाली आहे का? टेस्ट मुळात का केली, काही त्रास होता का? कोणती टेस्ट, दवाखान्यातलं दहा मिनिटांचं किट की लॅबमधली? दुसऱ्या मांजराची केली का? आणि सर्वात महत्त्वाचं, दोघं भांडतात का? हे कळल्याशिवाय कोणीही दिलेला सल्ला अंदाजपंचे असेल.

साखरझोप
पिल्लू असेल तर घाबरूच नका. किट विषाणू शोधत नाही, विषाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्यं शोधतं. बाधित आईच्या दुधातून ती पिल्लाकडे येतात आणि पिल्लू निरोगी असूनही पॉझिटिव्ह दिसतं. सहा महिन्यांचं झालं की परत टेस्ट करा. बहुतेक पिल्लं तोवर निगेटिव्ह होतात.

निवडुंग
प्रतिकारशक्ती वाढवणं हाच उपाय. रोज ५०० मिग्रॅ लायसिन (एक अमिनो आम्ल) खाण्यात मिसळा आणि कोरडं खाणं बंद करून कच्चं चिकन सुरू करा. मांजर मांसाहारी प्राणी आहे, त्याला निसर्गाने ठरवलेलं खाणं द्या.

कातरवेळ
@निवडुंग, दोन्ही सल्ल्यांशी असहमत. लायसिन द्यायचे ते हर्पीस विषाणूच्या सर्दीसाठी, आणि तिथेही नीट केलेल्या चाचण्यांत फायदा दिसला नाही. एफआयव्हीशी त्याचा संबंधच नाही. कच्च्या मांसात साल्मोनेला जिवाणू आणि टॉक्सोप्लाझ्मा परजीवी असू शकतात. निरोगी मांजर ते एक वेळ निभावून नेईल, पण ज्याच्या पांढऱ्या पेशींवरच हल्ला झालाय त्याला ही जोखीम का द्यायची? मांस द्यायचं तर पूर्ण शिजवून, मीठ-कांदा-लसूण न घालता. कांदा-लसणाने मांजराच्या लाल पेशी फुटतात.

चिंचपान
सॉरी, घाईत लिहिलं. बोका ३ वर्षांचा असेल असं व्हेट म्हणाले, बाहेरून आलेला आहे. नसबंदी नाही. गालावर गळू झालं होतं, सहा दिवसांपूर्वी कोणीतरी चावलं होतं, म्हणून नेलं. किटच वापरलं. दुसरी मांजरी आहे, तिचं ऑपरेशन झालंय, तिची टेस्ट आज निगेटिव्ह. अधूनमधून भांडतात. पण वेगळं ठेवायचं का ते सांगा ना.

रेघोटी
आता चित्र स्पष्ट झालं. एकेक घेऊ.

सहा दिवसांपूर्वीच्या चाव्यातून आलेली लागण आज किटवर दिसत नाही. प्रतिद्रव्यं तयार व्हायला बहुतेक मांजरांत काही आठवडे लागतात, हिशेबाला ६० दिवस धरतात. म्हणजे त्याची लागण खरी असेल तर जुनी आहे आणि तुमची मांजरी त्याच्यासोबत आधीपासूनच राहतेय. हीच गोष्ट तिच्या निगेटिव्हला लागू: शेवटचं चावाचावीचं भांडण ज्या दिवशी झालं त्यापासून ६० दिवसांनी तिची टेस्ट परत करा. आजच्या निगेटिव्हवर विसंबू नका.

बोक्याच्या पॉझिटिव्हचीही दुसऱ्या पद्धतीने खात्री करा: वेगळ्या कंपनीचं किट किंवा लॅबमधली वेस्टर्न ब्लॉट. पीसीआर (विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणारी टेस्ट) केली आणि निगेटिव्ह आली तर लगेच हुरळून जाऊ नका, या विषाणूचे उपप्रकार बरेच आहेत आणि पीसीआर काही वेळा चुकते. एफआयव्हीची लस टोचलेली मांजरंही किटवर वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह येतात. ही लस २००२ मध्ये अमेरिकेत आली, पुढे तिथे बंद झाली, काही देशांत वापरली गेली. त्याचा आधीचा इतिहास माहीत नाही म्हणून सांगितलं.

अजून एक, किटवर एफईएलव्हीचा, म्हणजे मांजरांच्या ल्युकेमिया विषाणूचा, ठिपका वेगळा असतो. तो रंगला नव्हता ना, हे व्हेटना विचारा. तो पॉझिटिव्ह असता तर माझा सल्ला पूर्ण वेगळा असता.

साखरझोप
वेगळं ठेवण्याबद्दल: एफआयव्ही पसरतो तो खोल चाव्यातून, लाळ थेट मांसात गेल्यावर. एक वाडगा, एक ट्रे, एकमेकांना चाटणं यातून धोका फार कमी. शरीराबाहेर हा विषाणू फार टिकत नाही, साध्या साबण-पाण्यानेही मरतो. म्हणून खरा प्रश्न "भांडतात का" हाच. तुम्ही "अधूनमधून" म्हणताय. केस फुगवून फिस्कारणं वेगळं, कातडीला भोक पडणं वेगळं. मांजरीच्या अंगावर, विशेषतः मानेवर आणि शेपटीच्या मुळाशी, केस बाजूला सारून खपल्या आहेत का बघा.

तिसरी_खिडकी
यावर आता जीएस-४४१५२४ नावाचं औषध आहे. ८४ दिवसांचा कोर्स, पूर्वी मरणारी मांजरं बरी होतात. व्हेटना जरूर विचारा.

कातरवेळ
ते एफआयपीचं औषध आहे हो, एफआयव्हीचं नाही. एफआयपी म्हणजे मांजरांच्या कोरोनाविषाणूपासून होणारा आजार. एफआयव्ही हा लेंटिव्हायरस, एचआयव्हीच्या कुळातला. नावं सारखी असली तरी औषध वेगळं. एफआयव्हीला शरीरातून काढून टाकणारं औषध आज तरी नाही.

निवडुंग
मग एझेडटी, ते एचआयव्हीवरचं औषध, देतात ते कशाला?

कातरवेळ
त्याने विषाणूची वाढ मंदावते, तो जात नाही. तोंडाचा दाह किंवा मेंदूची लक्षणं असतील तेव्हा विचार करतात. मात्रा ५ ते १० मिग्रॅ प्रति किलो, दर १२ तासांनी. पण अस्थिमज्जेवर परिणाम होऊन रक्त कमी होतं, त्यामुळे पहिला महिना दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) २० टक्क्यांच्या खाली गेलं तर औषध थांबवतात. लक्षणं नसलेल्या मांजराला हे कोणी सुरू करत नाही. बुरशीसाठी ग्रिसिओफल्विन मात्र अजिबात नको, एफआयव्ही असलेल्या मांजरांत त्याने पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरतात.

पाणकणीस
घरात गरोदर बाई असेल तर मांजर ठेवावं का?

साखरझोप
अवांतर आहे, पण थोडक्यात: एफआयव्ही माणसाला होत नाही. तुम्हाला टॉक्सोप्लाझ्मा म्हणायचंय. मांजराच्या शीतून बाहेर पडल्यावर तो संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून ट्रे रोजच्या रोज साफ करा, आणि ते काम घरातल्या दुसऱ्याने करावं. बाकी वेगळा धागा काढा, इथे चिंचपान यांचा प्रश्न राहू दे.

चिंचपान
मांजरीला खपल्या नाहीत, बघितलं. फिस्कारतात फक्त, ती त्याच्या अंगावर धावून जाते. एफईएलव्ही निगेटिव्ह आहे. अजून एक, महत्त्वाचं आहे का माहीत नाही: तो दाणा तोंडात घेतो, मान एका बाजूला झटकतो आणि दाणा खाली पाडतो. तोंडाला वास येतो. लाळेने हनुवटीचे केस ओले असतात. मला वाटलं दाणे आवडत नाहीत.

रेघोटी
ताई, आज बघायची गोष्ट हीच आहे! त्याचं तोंड दुखतंय. ओठ हलकेच वर करून दाढांच्या मुळाशी बघा. हिरडी दाताला लागून लालभडक, सुजलेली, हात लावला की रक्त येणारी असेल, किंवा घशाशी, जबडा जिथे उघडतो तिथे, लाल मांस दिसलं तर हा तोंडाचा जुनाट दाह आहे. एफआयव्ही मांजरांत तो खूप दिसतो.

तोपर्यंत दाणे बंद. ओलं खाणं कोमट पाण्यात कालवून, गार न देता, अंगाइतकं उबदार करून द्या. ऊब आली की वास उठतो आणि दुखत असूनही ते चाटतात. वाडगा पसरट घ्या. पूर्ण २४ तास काही खाल्लं नाही तर थांबू नका, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर मांजराच्या यकृतात चरबी साचते. माणसाच्या औषधाच्या डब्यातलं काहीही नको. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजर मारायला पुरेशी आहे.

निवडुंग
त्यासाठी स्टेरॉइडचं एक इंजेक्शन पुरतं, दोन दिवसांत खायला लागतो.

रेघोटी
लागतो, आणि काही आठवड्यांनी दाह परत येतो, मग पुढचं इंजेक्शन. आधीच कमकुवत प्रतिकारशक्ती तुम्ही आणखी दाबताय. जुनाट दाहावर टिकणारा उपाय म्हणजे सगळ्या दाढा काढणं, गरज पडली तर सुळे आणि पुढचे दातही. ऐकून क्रूर वाटतं, पण बिनदातांची मांजरं ओलं खाणं छान खातात. आधी आणि नंतर दातांचा एक्स-रे हवाच, मुळाचा तुकडा आत राहिला तर दाह जात नाही.

कातरवेळ
स्टेरॉइड सरसकट वाईट नाही. दात काढूनही न बरे होणाऱ्यांत व्हेट विचार करून देतात. पण पहिलं पाऊल ते नव्हे, इथे रेघोटी यांच्याशी सहमत.

भूल द्यायच्या आधी रक्ताची पूर्ण तपासणी आणि किडनीची तपासणी करून घ्या. गळू बरं झालं की नसबंदी त्याच भुलीत होते का विचारा. नसबंदीनंतर हार्मोन उतरायला काही आठवडे जातात, तोवर तुमच्या गैरहजेरीत दोघांना वेगळ्या खोलीत ठेवा, नंतर गरज नाही. ट्रे दोन मांजरांना तीन. बोक्याला बाहेर सोडणं कायमचं बंद, त्याच्यासाठी आणि बाहेरच्यांसाठीही.

चिंचपान
हिरड्या लाल आहेत, मागे जास्त. उद्या दुपारची वेळ मिळाली, रक्त आणि एक्स-रे. झोपवायचा विषय मी सोडला. नंतर काय पाळायचं?

साखरझोप
दर सहा महिन्यांनी व्हेट, रक्त आणि लघवी तपासणी. वजन दर आठवड्याला, एकाच वेळी, दहा ग्रॅम दाखवणाऱ्या बाळांच्या काट्यावर. त्याला उचलून माणसाच्या काट्यावर उभं राहून वजा करू नका, चूक मोठी येते. ४ किलोचा बोका ३.८ वर आला म्हणजे पाच टक्के गेले, तेव्हा पुढच्या तपासणीची वाट बघायची नाही. ताप मोजलात तर ३९.२ सेल्सियसपर्यंत सामान्य धरा. नेहमीच्या लसी द्यायच्या, शक्यतो मारलेल्या विषाणूच्या.

उद्यासाठी: तो दाणा पाडतो तेव्हाचा व्हिडिओ फोनमध्ये काढून न्या. दवाखान्याच्या टेबलावर घाबरून तो तोंड उघडणार नाही.