अनुभव धागा: जुनी खड्याची अंगठी, धुण्याआधी वाचा

जुनी खड्याची अंगठी हातात आली की पहिली हौस असते ती साबणाच्या पाण्यात टाकायची. नेमकं तेच टाळायचं असतं. जाणकारांनी इथे लिहावं: काय बघायचं, कशाने, कुठल्या क्रमाने आणि कुठे फसायला होतं. आठवणींसाठी दुसरा धागा आहे, इथे कामाचं बोलू.

भिंगवाला
१० पटीचं भिंग पुरतं. खडा शेवटी, आधी वळ्याची (बोटात बसणाऱ्या कड्याची) आतली बाजू. ब्रिटिश अंगठीत १५ (कॅरट) आणि ·६२५ असे आकडे दिसले तर तो शिक्का १८५४ ते १९३२ मधला. पुढे १२ आणि १५ कॅरट बंद होऊन १४ आलं. गरुडाचं डोकं असेल तर फ्रान्सचं १८ कॅरट, १८३८ पासूनचं.
पण शिक्का वळ्याचं वय सांगतो, कोंदणाचं नव्हे. जुनं कोंदण नव्या वळ्यावर बसवलेलं सर्रास सापडतं. वळ्यावर तोंडाची वाफ सोडा. झाळलेली (धातू वितळवून जोडलेली) रेघ क्षणभर वेगळ्या रंगाची दिसते. तळाशी एक रेघ म्हणजे माप बदललेलं. दोन्ही खांद्यांशी (कोंदणाला वळं मिळतं तिथे) रेघा असतील तर वळंच बदललंय असं धरून पुढे बघा.

डांक
साबणाच्या पाण्याचं कारण मी सांगतो. अठराव्या शतकातली आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीची बरीच कोंदणं मागून बंद असत, आणि खड्याखाली चकचकीत, कधी रंगवलेला पातळ पत्रा घालत. तीच डांक. तिच्यात पाणी शिरलं की ती काळवंडते आणि खडा एकाएकी मेल्यासारखा दिसतो. मग कोंदण उघडण्यावाचून इलाज नाही, आणि उघडलं की जुनेपण गेलं. कोरडा मऊ ब्रश, फार तर पिळून घेतलेला कापूस. बस्स. मागे काचेखाली कुणाच्या आठवणीचे केस असतील तर ब्रशही नको.

पैलू
खड्यातली फसवणूक दोन जातींची. पहिली, जोडखडा: वर गार्नेट या लाल खड्याची चकती, खाली रंगीत काच. अंगठी पांढऱ्या कागदावर उपडी धरा. हिरव्या-निळ्या खड्याच्या कडेला लाल कडं दिसलं तर जोडखडा. (बंद कोंदणात ही युक्ती चालत नाही, तिथे बाजूने भिंग लावून जोडाच्या पातळीतले बुडबुडे शोधा.)
दुसरी, भट्टीतलं, म्हणजे कृत्रिम माणिक. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हेर्नुईने ते बनवण्याची आपली पद्धत १९०२ मध्ये जाहीर केली. त्यात वाढीच्या रेषा ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या वक्र असतात. खाणीतल्या माणकात सरळ किंवा कोनात. अंगठी १८८० ची आणि रेषा वक्र, तर खडा मागाहून बसवलेला.

वेटोळे
अर्थाचंही बोलू या, कारण दुरुस्तीत तोच आधी मरतो. व्हिक्टोरियाकालीन अंगठ्यांत खड्यांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांनी शब्द लिहीत. रुबी, एमरल्ड, गार्नेट, ॲमेथिस्ट, रुबी, डायमंड: मिळून 'रिगार्ड'. पडलेल्या गार्नेटच्या जागी रंग जुळतो म्हणून स्पिनेल हा दुसराच खडा बसवला की शब्द गेला. शेपूट तोंडात धरलेला साप म्हणजे अनंतकाळ. अल्बर्टने १८३९ मध्ये राणी व्हिक्टोरियाला वाङ्निश्चयाला पाचू जडवलेली सापाचीच अंगठी दिली होती. शोकाच्या (मृताच्या आठवणीत घालायच्या) अंगठीत काळी मिनाकारी. पांढरी असेल तर मृत व्यक्ती बहुधा अविवाहित किंवा मूल. बारीक मोती म्हणजे अश्रू.
अनामिकेतली शीर थेट हृदयाला जाते ही समजूत रोमनांपासूनची. शीर कुठल्याही बोटाची असो, रक्त शेवटी हृदयातच जातं. पण बोट ठरून गेलं ते गेलंच.

मेणाचा ठसा
वेटोळे, मोहोरेची (शिक्का उठवायची) अंगठी राहिली. आपल्या 'मुद्रिके'तही मुद्रा आहेच. अक्षरं उलटी कोरलेली असतील तर ती ठसा उठवायला. सरळ वाचता आली तर दिखाव्याला. खात्री करायला मऊ शाडू वापरा. गरम लाखेने खडा तडकू शकतो.

झाळ
दुरुस्तीला देण्याआधी: लोकरी कापडावरून अंगठी ओढा, धागा अडकला तर खडा धरणारं नख उचललेलं आहे. कानाशी धरून बोटाने टिचकी मारा, खुळखुळलं तर खडा सैल.
करड्या, मऊ डागांना सर्वांत जास्त घाबरा. ती शिशाची झाळ. तिच्यावर ज्योत आली की शिसं सोन्यात मुरतं आणि सोनं ठिसूळ होऊन भोकं पडतात. आधी सगळं शिसं खरवडून काढायचं, मगच उष्णता. ओपल, पाचू, फिरोजा, मोती असेल तर ज्योत नकोच. खडा काढा, नाहीतर लेसरने जोडा.
आणि माप वाढवताना वळं कापायचं ते आतला मजकूर सोडून. खांद्यांवर खडे असतील तर एक-दोन मापांपलीकडे जाऊ नका. वळ्याची गोलाई बदलली की ते एकेक करून सुटतात.

पैलू
झाळ, एक पुस्ती. धुळीत क्वार्ट्‌झ असतं, मोहच्या १ ते १० मापात कठीणपणा ७. ओपल ६ च्या आसपास, मोती जेमतेम २.५. म्हणून कोरड्या फडक्याने घासू नका, आधी धूळ फुंकरीने उडवा.