‘ब्रुसेलाचं खूळ’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना उत्तर

माणदेशी (धागाकर्ता)
परवा इथेच ‘ओपीडीतला’ यांनी लिहिलं, ‘कारण न कळणाऱ्या तापाच्या प्रत्येक पेशंटची ब्रुसेला तपासणी करा, हे नवं खूळ आहे. पंधरा वर्षांत मी दोन केस पाहिल्या.’ ब्रुसेला म्हणजे जनावरांकडून, कच्च्या दुधातून माणसाला लागणारा तापाचा जंतू. दोन दिवस गप्प बसलो, आज राहवत नाही. डॉक्टर, तुम्ही दोनदाच शोधलं, म्हणून दोनच सापडल्या.

माझे वडील. आटपाडी तालुका, दावणीला सहा गाया, शिवाय शेरडं. संध्याकाळी ताप चढायचा, रात्री घामानं अंथरूण ओलंचिंब आणि सकाळी माणूस शेण काढायला हजर. त्यामुळे घरच्यांनीही फार मनावर घेतलं नाही. पहिल्या दवाखान्यात विडाल ही रक्ततपासणी करून टायफॉइड ठरवला. दुसऱ्यात डेंग्यू नाही, मलेरिया नाही, मग सलाइन लावा. पुढे कंबर धरली. शहरात एमआरआय झाला, मणका खराब निघाला, ‘टीबीच दिसतोय.’ टीबीचा कोर्स सुरू केला तर दोन महिने चक्क बरं वाटलं, कारण त्यातलं रिफाम्पिसिन ब्रुसेलावरही थोडंफार चालतं. मग पुन्हा तोच ताप.

पाच महिन्यांनी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘काका, गोठ्यात एखादी गाय गाभडली होती का?’ दोन गाभडल्या होत्या, म्हणजे गर्भ पडला होता, सातव्या महिन्यात. अडकलेली वार वडिलांनी उघड्या हातानं ओढून काढली होती. रक्त तपासलं, ब्रुसेलाच्या प्रतिपिंडांचं प्रमाण एकास सहाशे चाळीस, म्हणजे खूपच जास्त. तीन महिने डॉक्सीसायक्लिन, पहिले तीन आठवडे रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन. आता वाकता येत नाही, पण ताप नाही.

म्हणून माझी मागणी: तीन आठवडे ताप असलेला प्रत्येक पेशंट प्रत्येक रुग्णालयात सक्तीनं तपासा. खूळ तर खूळ.

ओपीडीतला
वडील बरे झाले, आनंद आहे. आता हिशेब करू. हजार तापकरी घ्या. समजा, त्यात खरे ब्रुसेलाचे दहा. चाचणी शंभर बिनब्रुसेलावाल्यांतल्या पाचांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते, असं धरा. म्हणजे खरे दहा आणि खोटे पन्नास. त्या पन्नासांना सहा आठवडे दोन-दोन अँटिबायोटिक्स देणार? त्यातल्या एखाद्याला लिम्फोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कॅन्सर असेल तर त्याचे सहा आठवडे कोण भरून देणार? शिवाय जनावरांत वावरणाऱ्या धडधाकट माणसाच्या रक्तातही जुनी प्रतिपिंडं सापडतात. तुमच्या वडिलांना टायफॉइड ठरवला तो कशानं? येईल त्याची विडाल करायच्या सवयीनं. आणि ज्या बाईंनी पकडलं, त्यांनी आधी चाचणी केली नाही, आधी प्रश्न विचारला. तुमची गोष्ट माझ्या बाजूची आहे.

माणदेशी
वा! पाच महिने आम्ही काढले आणि गोष्ट तुमची? प्रश्न विचारायला तुमच्याकडे वेळ कुठे असतो? नाव सांगून होईस्तोवर पुढचा नंबर पुकारतात. माणूस विचारत नाही, म्हणून तर मशीनला विचारा म्हणतोय.

काचपट्टी
लॅबमधून बोलते. पेशंटचं काय करायचं ते करा, पण कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून बघायला नमुना पाठवताना फॉर्मवर ‘ब्रुसेलाचा संशय’ एवढे दोन शब्द लिहा हो! आमच्याकडे नुसतं ‘पीयूओ’, म्हणजे कारण न कळलेला ताप, एवढंच लिहून येतं. वाढ हळू होते, ओळख पटत नाही, आमची मुलगी उघड्या टेबलावर ती प्लेट नाकाशी नेऊन बघते आणि मग आम्हा पाच जणांची रक्तं तपासायची वेळ येते. हा जंतू लॅबवाल्यांनाच सगळ्यात जास्त चिकटणाऱ्यांपैकी आहे. यावर धागा कुणी काढत नाही.

सदाशिवपेठी
गाईला रोगट ठरवायची घाई झालीय सगळ्यांना. आमच्या आजोबांनी जन्मभर धारोष्ण दूध प्यायलं, नव्वदीपर्यंत जगले. हे सगळं जर्सीमुळे.

खुरकूत
पशुवैद्यक आहे, म्हणून राहवत नाही. ब्रुसेला गाईचं वाण विचारत नाही. आजोबांचं दूध आजीनं गुपचूप उकळलं असेल. उकळलं की विषय संपला. माल्टामध्ये ब्रिटिश सैनिक तापानं पडायचे, तेव्हा १८८७ मध्ये ब्रूसनं जंतू शोधला, पण तो शेळीच्या दुधातून येतो हे कळायला १९०५ उजाडलं. तुम्ही त्याच्याही आधी आहात.

डॉक्टर, चूक आमच्यातही आहे. मला स्वतःला झाला. चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला एस-१९ टोचताना तिनं उसळी मारली, सुई माझ्या अंगठ्यात. ब्रुसेलाच्या जिवंत जंतूंची लस असते ती. अंगठा धुतला आणि पुढच्या गोठ्यात गेलो. महिन्यानं ताप आला, तर मीही आधी टायफॉइडच्या गोळ्या खाल्ल्या! तेव्हा शिकलेल्यालाही आठवत नाही.

पण खरा प्रश्न वेगळाच. गाय पॉझिटिव्ह निघाली तर तिचं करायचं काय? बरी होत नाही, प्रत्येक विताला जंतू टाकते. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यानं गाय कापता येत नाही.

सदाशिवपेठी
आलात मूळ मुद्द्यावर! ताप निमित्त, गोहत्येची वकिली खरी.

खुरकूत
तुम्ही सांभाळा मग. खुंट्याला बांधा, दिवसाचा चारा, पेंड, पाणी. मी आणून सोडतो.

सदाशिवपेठी
गोशाळा आहेत त्यासाठी.

खुरकूत
तिथे शंभर धडधाकट गाईंमध्ये ही सोडायची? छान! लस आहे म्हणाल, तर २०१९ पासून देशभर कालवडींना आणि पारड्यांना टोचतायत, कानात बारा अंकी बिल्ला. चांगलंच आहे. पण शेरडं त्यात नाहीत, आणि माणसाला सगळ्यात वाईट छळतो तो शेरडा-मेंढरांचाच जंतू.

ओपीडीतला
धागा तापाचा होता. गाईवर वीस प्रतिसाद लिहायचे असतील तर स्वतंत्र काढा.

माणदेशी
तुम्हाला गाय अवांतर वाटते, हीच तर तक्रार आहे!

ओपीडीतला
बरं, लागला टोला. उद्यापासून माझ्या युनिटच्या केसपेपरवर एक ओळ वाढवतो: घरी जनावरं आहेत का, कुठलं गाभडलं का, कच्चं दूध पिता का. ‘हो’ आलं की चाचणी, मग रोझ बेंगाल या झटपट चाचणीवर न थांबता टायटरही, म्हणजे प्रतिपिंडांचं प्रमाणही. ‘नाही’ आलं तर नाही. सक्ती नाही. खुश?

माणदेशी
अर्धा. ‘प्रत्येकाची’ हा शब्द रागात गेला, मागे घेतो. सोलापूर-सांगलीकडच्या पेशंटांपुरता ठेवतो.

खुरकूत
माणदेशी, एक विचारू? त्या गाभडलेल्या दोन गायांचं काय केलंत?

माणदेशी
एक अजून दावणीला आहे, वेगळी बांधलीय.

खुरकूत
आणि दुसरी?

माणदेशी
वडिलांचा एमआरआय करायचा होता. बाजारात विकली. तेव्हा आम्हाला नाव तरी कुठे माहीत होतं. नंतर कळलं, तरी घेणाऱ्याला फोन केला नाही.

सदाशिवपेठी
आणि आम्हाला शिकवत होतात.

ओपीडीतला
सदाशिवपेठी, जरा थांबा. माणदेशी, घेणाऱ्याचं गाव आठवतंय का? इथे लिहू नका, व्यक्तिगत निरोप करा. माझा एक ज्युनिअर त्या बाजूच्या आरोग्य केंद्रात आहे.