शब्दचर्चा : ‘मॉड्यूल बंद आहे’ म्हणजे नक्की काय?

प्रश्न :
टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ‘एएम३३५एक्स’ या प्रोसेसर-मालिकेवर (२०१३ साली आलेल्या बीगलबोन ब्लॅक या बोर्डावर यातलाच एक प्रोसेसर आहे) विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपणे तयार करत आहे. मूळ पुस्तिकेत ‘क्लॉक गेटिंग’, ‘पॉवर ऑफ’, ‘आयडल’ आणि ‘डिसेबल्ड’ असे निरनिराळे शब्द येतात आणि मला प्रत्येक ठिकाणी ‘बंद’ हाच शब्द सुचतो. शिवाय ‘पेरिफेरल’ला ‘जोडउपकरण’ म्हणावे का, याविषयीही जाणकारांनी मत द्यावे, ही विनंती.

प्रतिसाद १ :
सगळीकडे ‘बंद’ लिहिले, तर विद्यार्थ्याला जे समजायला हवे तेच हातातून निसटेल. मॉड्यूलचा, म्हणजे चिपमधील एखाद्या ठरावीक कामाच्या भागाचा, क्लॉक (त्याला तालावर चालवणारा स्पंदनांचा संकेत) थांबवला की त्यातील ट्रान्झिस्टरांची उघडझाप थांबते. व्होल्टेजचा वर्ग आणि वारंवारता यांच्या प्रमाणात होणारा वीजखर्च त्यामुळे उरत नाही, पण पुरवठा चालू असल्याने गळतीचा प्रवाह वाहतच राहतो, आणि रजिस्टरांत (मॉड्यूलच्या छोट्या स्मृतिकप्प्यांत) लिहिलेल्या किमतीही जशाच्या तशा राहतात. पुरवठाच तोडला, तर गळती थांबते, मात्र त्या किमतीही पुसल्या जातात. मग यूएआरटीचा (एकामागून एक बिट पाठवणाऱ्या संवाद-मॉड्यूलचा) बॉड रेट, म्हणजे पाठवण्याचा वेग, जागे झाल्यावर ड्रायव्हरला (मॉड्यूल हाताळणाऱ्या प्रोग्रॅमला) पुन्हा लिहावा लागतो. एकात फक्त काम थांबते, दुसऱ्यात स्मृतीही जाते. म्हणून मी पहिल्यासाठी ‘क्लॉक रोखणे’ आणि दुसऱ्यासाठी ‘वीज तोडणे’ असे सरळ शब्दप्रयोग सुचवतो. ‘घड्याळ रोखणे’ मात्र लिहू नये, कारण याच चिपमध्ये तारीख-वेळ सांभाळणारे आरटीसी नावाचे खरेखुरे घड्याळ आहे आणि वाचकाचा गोंधळ तिथेच होईल.

‘आयडल’ आणि ‘डिसेबल्ड’ यांतील भेद तर चिप स्वतःच दाखवते. प्रत्येक मॉड्यूलच्या क्लॉक-नियंत्रक रजिस्टरात ‘मॉड्यूलमोड’ या जागी २ लिहिले की मॉड्यूल चालू करण्याची आज्ञा जाते. त्याच रजिस्टरातील ‘आयडल-एसटी’ ही जागा प्रत्यक्ष स्थिती सांगते : ० म्हणजे कार्यरत, १ म्हणजे स्थित्यंतरात, २ म्हणजे आयडल, ३ म्हणजे डिसेबल्ड. आज्ञा आणि स्थिती या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे टिपणात ठळकपणे यावे असे मला फार वाटते. आज्ञा दिल्यावर स्थिती ० होण्याची वाट न पाहता, किंवा मुळात क्लॉक न देताच, मॉड्यूलच्या रजिस्टराला हात लावला तर लिनक्सवर ‘एक्स्टर्नल अबॉर्ट’चा दोष येतो आणि नवशिका कित्येक तास आपल्याच कोडमध्ये चूक शोधत बसतो. ‘आयडल’ला ‘निष्क्रिय’ म्हटले तर ते ‘डिसेबल्ड’च्या फार जवळ जाते, त्यापेक्षा ‘विश्रांत’ आणि ‘अक्षम केलेले’ ही जोडी मला अधिक अचूक वाटते.

प्रतिसाद २ :
‘पेरिफेरल’विषयी. ‘जोडउपकरण’ म्हटले की प्रिंटर, माउस अशा बाहेरून जोडलेल्या वस्तू डोळ्यांसमोर येतात. येथे मात्र यूएआरटी, आय-टू-सी (दोन तारांवरून चिपांशी संवाद साधणारे मॉड्यूल), टायमर हे सारे एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर, कॉर्टेक्स-ए८ या गाभ्याच्या भोवती आहेत. ‘परिघीय मॉड्यूल’ हा शब्द गाभ्याच्या संदर्भात बरोबर बसतो. पहिल्याच वापरात ‘गाभ्याभोवतीची, पण चिपच्या आतली’ असा खुलासा करावा म्हणजे झाले.

‘पॉवर डोमेन’ला ‘शक्तिक्षेत्र’ म्हणण्याचा मोह टाळावा. भौतिकशास्त्राच्या मराठीत ‘शक्ती’ म्हणजे कार्य करण्याचा दर, आणि इथे विषय आहे तो कोणत्या भागाचा पुरवठा एकत्र तोडता येतो याचा. ‘पुरवठाक्षेत्र’ हा शब्द नेमके तेच सांगतो. ग्राफिक्सचे क्षेत्र वेगळे असल्याने चित्रांचे काम नसेल तेव्हा ते एकटेच तोडता येते, हे उदाहरण त्याखाली सहज बसेल.

प्रतिसाद ३ :
दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे. फक्त ‘वेकअप’चीही भर घालतो. ‘पुनरारंभ’ हा शब्द येथे घेऊ नये, कारण तो ‘रीसेट’शी गल्लत करतो. ‘जाग येणे’ आणि ‘जाग आणणे’ हे साधे शब्द पुरेसे आहेत. जाग आणण्याचा अधिकार सर्व परिघीय मॉड्यूलांना नसतो, आणि हे वाक्य टिपणात असलेच पाहिजे : ‘डीपस्लीप०’ या गाढ निद्रेत जीपीआयओ-० हा (बटण, दिवा वगैरे जोडण्याच्या सर्वसाधारण पिनांचा) गट जाग आणू शकतो, कारण तो कायम चालू राहणाऱ्या ‘वेकअप’ क्षेत्रात आहे, तर जीपीआयओ-१ ते ३ हे गट ‘पेरिफेरल’ क्षेत्रात असल्याने त्यांना जोडलेले बटण दाबले तरी चिप जागी होत नाही. बोर्डाचा आराखडा काढतानाच हे ठाऊक असावे लागते. तांब्याच्या रेषा छापून झाल्यावर ते ड्रायव्हर बदलून दुरुस्त करता येत नाही.